कौलांचा आवा आणि कोरं पान

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली मुलगी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजनं श्रेयांकांसाठी संशोधन कौशल्यांचा ऑनलाइन कोर्स घ्यायला लावला. ती लिहिते: "व्हिडिओ सगळे बघितले, चाचण्यांत मार्कही चांगले पडतात. पण शेवटच्या असाइनमेंटसाठी 'खानापूर तालुक्यातील कुंभार व्यवसाय' असा विषय घेतला आणि महिना झाला तरी पान कोरंच आहे. नेटवर मराठीत काही सापडत नाही. इंग्रजी वाचलं तर निम्मं डोक्यावरून जातं. आमच्या आजोबांचा कौलांचा आवा होता म्हणून हौसेनं विषय घेतला होता. आता सोपा दुसरा घेऊ का?"

विषय बदलू नकोस. आजोबांचा आवा, म्हणजे कौलं भाजायची भट्टी होती, हे तू शेवटच्या ओळीत सांगितलंस. तुझं काम तिथूनच सुरू व्हायला हवं होतं.

मी बेळगावात एका कॉलेजच्या ग्रंथालयात सव्वीस वर्षं काढली. 'स्वयम्' हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ २०१७ साली सुरू झालं. तेव्हापासून त्यावरचे कोर्स घेणारी मुलं माझ्या टेबलाशी यायला लागली. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२१ मध्ये एका सत्रातले चाळीस टक्क्यांपर्यंतचे कोर्स असे ऑनलाइन करायची मुभा दिली आणि मग ही संख्या खूपच वाढली. तुझी अडचण मी इतक्यांदा ऐकली आहे की ती तुझ्या एकटीची नाही, एवढं पहिल्यांदा मनात ठेव. मार्क पडतात आणि पान कोरं राहतं, हे दोन्ही एकाच मुलीच्या बाबतीत एकाच वेळी घडतं आणि त्याला सरळ कारण आहे.

या कोर्सचे चार भाग असतात: व्हिडिओ, वाचायचा मजकूर, स्वतःची चाचणी आणि चर्चेची जागा. चाचणीत विचारतात, प्राथमिक साधन म्हणजे काय, दुय्यम साधन म्हणजे काय, गृहीतक कशाला म्हणतात. ते पाठ करता येतं. पण आपल्या आजोबांनी लिहून ठेवलेला उधारीचा कागद प्राथमिक साधन आहे, हे ओळखायला शिकवणारी चाचणी अजून मी पाहिलेली नाही. ते शिकायचं ते चर्चेच्या जागेत आणि असाइनमेंटमध्ये. आणि नेमक्या त्या दोन ठिकाणी आपल्याकडची मुलं गप्प बसतात. इंग्रजीत चुकेल म्हणून कोणी काही विचारत नाही.

काही वर्षांपूर्वी निपाणीची एक विद्यार्थिनी याच कोर्ससाठी माझ्याकडे आली होती. तिचा अनुभव तुला सांगते, कारण तुझ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्यात आहे.

तिची आई घरी विड्या वळते. मुलीनं विषय घेतला, 'निपाणीतील विडी उद्योग आणि महिला'. पंधरा दिवसांत तिनं चाळीस-पन्नास पानं उतरवून आणली. त्यात १९८१ चं निपाणीचं तंबाखू आंदोलन होतं, तंबाखूचे आरोग्यावरचे परिणाम होते, स्त्रियांच्या सबलीकरणावर दोन उतारे होते. मी ते वाचलं आणि तिला एकच विचारलं, "यात तुझी आई कुठं आहे?" ती बराच वेळ बोलली नाही.

मग आम्ही कागदावर तीन चौकोन काढले. पहिल्यात तंबाखू पिकवणारा शेतकरी. १९८१ चं आंदोलन त्याचं, भावासाठीचं. दुसऱ्यात वखारीत तंबाखू कुटणाऱ्या-चाळणाऱ्या कामगार बायका. तिसऱ्यात घरी बसून, सूप मांडीवर घेऊन, ठेकेदारानं दिलेल्या पानातंबाखूच्या विड्या वळणाऱ्या बायका. गाव एकच, पीक एकच, पण तिघांचा मालक वेगळा, मजुरी वेगळी, कायदा वेगळा, तक्रार वेगळी. तिनं उतरवून आणलेला बहुतेक मजकूर पहिल्या चौकोनातला होता. आई तिसऱ्यात. पन्नास पानं असूनही काही लिहिता येत नव्हतं, ते यामुळे.

चौकोन कळल्यावर तिनं आपला प्रश्न स्वतः शोधून काढला. घरी विड्या वळणाऱ्यांसाठी तेव्हा १९६६ चा कायदा होता, शिवाय १९७६ चा कल्याण निधीचा कायदा. त्या निधीतून दवाखाना, मुलांना शिष्यवृत्ती वगैरे मिळते. पण त्यासाठी विडी कामगार म्हणून ओळखपत्र लागतं. तिच्या गल्लीत काही बायकांकडे ते होतं, काहींकडे नव्हतं. आईकडे नव्हतं. मग तिचा प्रश्न झाला: आमच्या गल्लीत घरी विड्या वळणाऱ्या बायकांपैकी ओळखपत्र कोणाला मिळालं, कोणाला नाही आणि त्याचं कारण त्या स्वतः काय सांगतात? दोन ओळींचा प्रश्न, एका गल्लीपुरता. कोर्सच्या शिक्षकांना सुरुवातीला तो फार लहान वाटला. पण त्यातून ती २०१७ पर्यंत पोहोचली, जीएसटी आल्यावर विडीवरचा कल्याण उपकर बंद झाला, तिथपर्यंत. लहान प्रश्न धरून ती दिल्लीच्या निर्णयापर्यंत गेली. मोठा विषय घेऊन ती निपाणीच्या वेशीबाहेरच फिरत होती.

आता तुझं. 'खानापूर तालुक्यातील कुंभार व्यवसाय' यात मडकी आहेत, चुली आहेत, गणपतीच्या मूर्ती आहेत, विटा आहेत, कौलं आहेत. तुझ्या आजोबांचा आवा कौलांचा. ती कौलं नळीची होती की मंगलोरी धाटणीची साच्यातली, हे तू लिहिलेलं नाहीस. ते घरी विचार. आवा कधी थंड झाला, शेवटची खेप कोणी नेली, त्यानंतर त्या घरांवर काय चढलं, पत्रा की स्लॅब? माझ्या मते तुझा प्रश्न इथेच कुठेतरी आहे: आमच्या गावात कौलं भाजणं कधी थांबलं आणि का? बाकी मडकी-चुली दुसऱ्या कोणासाठी ठेव.

"नेटवर मराठीत काही सापडत नाही," असं तू म्हणतेस. हे आपल्या भागातल्या मुलांकडून मी सर्वांत जास्त ऐकलेलं वाक्य आहे, म्हणून यावर जरा जास्त बोलते.

सापडत नाही याचं कारण बहुतेक वेळा हे असतं की आपण ज्या नावानं हाक मारतो त्या नावानं ती गोष्ट तिथं नोंदलेलीच नसते. आपल्या शहराचंच बघ. सरकारी कागदात १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी. त्याआधीचा सगळा इंग्रजी मजकूर बेलगाम या स्पेलिंगखाली. मराठीत बेळगाव. आणि १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीचं छापील मराठी असेल तर 'बेळगांव', गावर अनुस्वार देऊन. जुन्या लेखांत वेणुग्राम. सर्च करणाऱ्या यंत्राला हे चार-पाच शब्द म्हणजे चार-पाच वेगळी गावं वाटू शकतात. प्रदेशाचंही तसंच. जुने अभ्यासक 'बॉम्बे कर्नाटक' लिहितात, नंतरचे 'मुंबई कर्नाटक', २०२१ पासून सरकारनं 'कित्तूर कर्नाटक' म्हणायला सुरुवात केली आणि मराठीत आपण सीमाभाग म्हणतो. यातल्या एकाच नावानं शोधलंस तर उरलेलं सगळं तुझ्यापुरतं नाहीसंच होतं.

तालुक्यांची नावं तर आणखी फसवतात. १८८४ साली छापलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा एकविसावा खंड बेळगाव जिल्ह्याचा आहे. तो इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचता येतो. त्यात सौंदत्ती तालुका शोधलास तर मिळणार नाही, तो 'परसगड' नावानं आहे. बैलहोंगलचा भाग 'संपगाव' तालुक्यात. तुझं खानापूर सुदैवानं खानापूरच आहे. त्या खंडात जातींच्या प्रकरणात कुंभारांची आणि पुढं व्यापार-उद्योगांची माहिती आहे. इंग्रजी जुनं आहे, पण वाक्यं आखूड आहेत. रोज एक पान वाचलंस तर आठवड्यात उरकेल.

निपाणीच्या मुलीनं 'विडी' शोधलं होतं. मी तिला म्हटलं, मराठीत बिडीही लिही, बीडीही लिही. इंग्रजीत तर याच्या तीन स्पेलिंगांची तीन वेगळी दुनिया आहे. कायद्यात 'बी'नंतर दोन 'ई' येतात, डॉक्टरांच्या संशोधनात एक 'आय' आणि बंगालकडच्या लिखाणात शेवटी 'डी' ऐवजी 'आर'. तंबाखूला कन्नडमध्ये होगेसोप्पु म्हणतात हे तिला ठाऊक होतं, बाजारात तिनं ते शेकडो वेळा ऐकलेलं होतं. पण शोधाच्या चौकटीत तो शब्द घालायचा असतो हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. घातल्यावर कन्नड वर्तमानपत्रांतल्या बातम्या निघाल्या आणि त्यांत मराठीत कुठंच नसलेली माहिती होती.

तसं तुझं: कौल, कौलं, कवेलू, कन्नडमध्ये हंचू, इंग्रजीत टाइल. कुंभार, कन्नडमध्ये कुंबार, इंग्रजीत पॉटर. आवा, भट्टी, किल्न. माझी विनंती आहे की शोधायला बसण्याआधी एक पान भरून फक्त शब्द लिही. तिन्ही भाषांतले, तिन्ही लिपींतले, जुने-नवे. आजोबांच्या तोंडचे शब्दही त्यात आले पाहिजेत, कारण ते शब्द कुठल्याच शब्दकोशात नसण्याची शक्यता आहे आणि मग ते तुझ्या अभ्यासाचं स्वतःचं धन होतं. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला कन्नड शब्द सुचणार नाही, धारवाडच्या विद्यार्थ्याला मराठी. तुला दोन्ही आई-बापाच्या बोलण्यातून, बसमधून, बाजारातून फुकट मिळालेत. आपल्या मुलांना मी कळवळून सांगते की ही लाज वाटायची गोष्ट नाही. इतर लोक हे शिकण्यासाठी वर्षं घालवतात.

आणखी एक तांत्रिक गोष्ट. बरीच वर्षं मराठी वर्तमानपत्रं आणि मासिकं युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप व्हायची. तो मजकूर स्क्रीनवर मराठी दिसतो, पण शोधयंत्राला तो मराठी म्हणून वाचता येत नाही. स्कॅन केलेल्या पीडीएफ तर नुसते फोटोच. त्यामुळे 'नेटवर नाही' म्हणजे 'लिहिलंच गेलं नाही' असा अर्थ मराठीच्या बाबतीत कधीच धरू नये. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात किंवा तुमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात जुन्या अंकांच्या फाइली आहेत का विचार. धूळ झटकून पानं उलटावी लागतील. ऑनलाइन कोर्स करतेस म्हणून शोधही ऑनलाइनच करायला हवा असं कोणी सांगितलेलं नाही.

प्रबंधांसाठी 'शोधगंगा' बघ. देशातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध तिथं पूर्ण वाचता येतात. धारवाड, कोल्हापूर, बेळगाव या तीन विद्यापीठांत तुझ्या शेजारच्या विषयावर कोणी ना कोणी काम केलेलं असण्याची शक्यता मोठी. पण पूर्ण प्रबंध वाचत बसू नकोस. आधी शेवटची संदर्भसूची उघड. कोणी पाच वर्षं घालवून गोळा केलेली यादी तुला एका क्लिकवर मिळते; त्यातली चार-पाच नावं तुझ्या कामाची निघतात. मी स्वतः पहिल्यांदा याच वाटेनं शिकले, तेव्हा छापील प्रबंध मांडीवर घेऊन. निपाणीच्या मुलीला अशाच एका सूचीत छाया दातार यांचं नाव सापडलं. त्यांनी निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांच्या संघटनेवर इंग्रजीत पुस्तक लिहिलेलं आहे, ते १९८९ मध्ये दिल्लीहून प्रसिद्ध झालं. पुढं कळलं की युगांतर या चित्रपट-गटानं १९८२ मध्येच वखारीतल्या बायकांवर माहितीपटही केला होता. ती मुलगी निपाणीत जन्मली, वाढली, पण हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. "आमच्या गावाबद्दल पुस्तक आहे?" हे तिनं ज्या आवाजात विचारलं तो मला अजून आठवतो.

महागडी नियतकालिकं वाचायला पैसे भरू नकोस. तुमच्या कॉलेजच्या ग्रंथपालांना विचार की एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांना नियतकालिकं-पुस्तकं ऑनलाइन वाचायला देणाऱ्या योजनेचं, सदस्यत्व आहे का. असेल तर तुला वेगळं खातं मिळू शकतं. पुष्कळ कॉलेजांत हे असतं आणि मुलांना माहीत नसतं.

आकड्यांबद्दल. तुझ्या विषयाला जनगणनेत एक फार चांगला आधार आहे आणि तो क्वचितच कोणी वापरतं. घरयादीच्या वेळी घराचं छप्पर कशाचं आहे हे विचारतात. तक्ते तालुक्यापर्यंतचे मिळतात. २०११ मध्ये हातकौलं आणि यंत्रावर केलेली कौलं असे दोन वेगळे रकाने आहेत. तुझ्या आजोबांचं काम बहुधा पहिल्या रकान्यात बसतं. २००१ च्या तक्त्यात मात्र कौलांचा एकच रकाना होता. म्हणजे दहा वर्षांत कौलं किती कमी झाली हे बघायचं असेल तर २०११ च्या दोन्ही रकान्यांची आधी बेरीज करायची, मगच तुलना करायची. हे लक्षात न घेता कोणी 'कौलारू घरं अचानक निम्म्यावर आली' असं लिहिलं तर ते साफ चूक होईल. २०२१ ला जनगणना झाली नाही, त्यामुळे तुझे ताजे आकडे २०११ चेच. जुने आहेत हे असाइनमेंटमध्ये स्वच्छ लिही आणि पुढचं चित्र गावात घरं मोजून दाखव. तुझ्या गावात किती घरं असतील? एका रविवारी मोजून होतील.

जिल्ह्याचे आकडे वापरताना सीमा बघ. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत चंदगड बेळगाव जिल्ह्यातून कोल्हापूरकडे गेलं. १९५१ आणि १९६१ चे आकडे कोणी तसेच शेजारी मांडले तर लोकसंख्येची वाढ खरी होती त्याहून कमी दिसते, प्रत्यक्षात तालुका गेलेला असतो. निपाणीच्या मुलीची पंचाईत वेगळी होती: निपाणी स्वतंत्र तालुका अलीकडे झाला, २०११ च्या जनगणनेत तो चिकोडीतच आहे. ती दोन दिवस निपाणी तालुक्याचा तक्ता शोधत बसली होती, जो असणारच नव्हता. मीही तरुणपणी एका लेखात जिल्ह्याचे आकडे दुसऱ्याच्या पुस्तकातून तसेच उचलले होते आणि ते बदललेल्या सीमेमुळे चुकलेले निघाले. छापून आल्यावर कळलं. तेव्हापासून मूळ तक्ता उघडल्याशिवाय मी आकडा लिहीत नाही.

सीमाप्रश्नाचा विषय नसला तरी सीमा तुझ्या वाचनात येणारच. एकच घटना मराठी वर्तमानपत्रात एका तऱ्हेनं येते आणि कन्नडमध्ये दुसऱ्या. आपल्या बाजूचं वाचून मनाला बरं वाटतं, म्हणून तेच खरं मानायची सवय लागते. तू दोन्ही वाचू शकतेस, तर दोन्ही वाच आणि जिथं फरक दिसेल तिथं दोन्ही म्हणणी लिही. मला मराठीचं प्रेम कमी नाही. पण अभ्यासात एका कानानं ऐकलेलं टिकत नाही, हे मी माझ्याच विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षांत पाहिलं आहे.

इंग्रजी लेक्चरांचं काय करायचं? वेग कमी करून ऐक, इंग्रजी उपशीर्षकं लाव आणि नेटवर्क असेल तिथं उतरवून घे. कणकुंबी-जांबोटीकडच्या माझ्या विद्यार्थ्यांनी खानापूरच्या स्टँडवर बसून आठवड्याचे व्हिडिओ उतरवून नेलेले मी पाहिलेत. लेक्चर संपलं की वही मिटून, मराठीत, चार वाक्यांत लिही: हे काय सांगत होते? लिहिता आलं तर कळलं. नाही आलं तर तेवढाच भाग पुन्हा ऐक. असाइनमेंटचा कच्चा खर्डाही आधी मराठीत लिही. विचार मराठीत पक्का झाला की इंग्रजी करताना फक्त शब्द अडतात, डोकं अडत नाही. सुरुवातीपासूनच इंग्रजीत लिहिणारी मुलं सोप्या वाक्यांच्या शोधात दुसऱ्यांचे उतारे उचलतात.

उताऱ्यांचं गंभीरपणे घे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमात दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, त्यावर पायऱ्यापायऱ्यांनी आहे. पण टक्केवारीच्या मागे लागू नकोस. वाचताना पुस्तक बंद करून टिपण लिही, पान क्रमांक लगेच टाक आणि शब्दशः घेतलं असेल तर अवतरण चिन्ह तिथल्या तिथं दे. नंतर देईन म्हणणाऱ्याला नंतर कोणतं वाक्य कोणाचं ते आठवत नाही. आणि एआयला संदर्भ विचारून ते थेट यादीत घालू नकोस. गेल्या वर्षी एका मुलानं असे पाच संदर्भ आणले. त्यातले तीन लेख कुठल्याच नियतकालिकात सापडले नाहीत. नाव सापडलं की तो लेख स्वतः उघडून, निदान पहिलं पान वाचून मगच वहीत उतरव.

वही म्हणते ती अशी. डाव्या पानावर तारीख, कुठं शोधलं, कोणत्या शब्दानं शोधलं, काय मिळालं किंवा मिळालं नाही. उजव्या पानावर त्यावरून काय वाटलं. 'हंचू शब्दानं शोधलं, काही नाही' हेही लिहायचं, म्हणजे आठवड्यानं तोच शोध पुन्हा होत नाही. संदर्भांची नोंद ठेवणारी झोटेरोसारखी फुकट सॉफ्टवेअर चांगली आहेत, पुढं एम.ए.ला वापरशीलच. या असाइनमेंटला शंभर पानी वही पुरे.

आता माणसांना विचारायचं. कोर्समध्ये प्रश्नावली कशी करायची ते शिकवतात, पण तिथला नमुना आपल्या गल्लीत चालत नाही. निपाणीच्या मुलीनं पहिला प्रश्न लिहिला होता, "आपले मासिक उत्पन्न किती?" एकाही बाईनं उत्तर दिलं नाही. कोणी हसली, कोणी "कशाला गं?" म्हणाली. विडीची मजुरी महिन्यावर नसते, ती हजारावर असते. मग तिनं विचारलं, "मावशी, आठवड्याला किती हजार वळता? छाट किती जाते?" आणि बायका बोलायला लागल्या. ठेकेदार किती विड्या छाट म्हणून बाजूला काढतो, त्याचे पैसे कसे कापले जातात, हे सगळं त्या एका शब्दाबरोबर आलं. जाण्याची वेळही तिनं शोधून काढली: बटवड्याच्या दिवशी नाही, कारण त्या दिवशी सगळ्या घाईत असतात. ज्या दोन कन्नड बोलणाऱ्या काकी होत्या त्यांच्याशी ती कन्नडमध्ये बोलली, तिथं तिचं कन्नड मोडकं होतं, पण त्यांनीच तिला दुरुस्त केलं आणि त्या दुरुस्तीतून आणखी दोन शब्द मिळाले.

परवानगी आधी घे. हे कशासाठी लिहितेय, नाव घालणार नाही, नको वाटलं तर सांगू नका, एवढं प्रत्येकाला बोलून दाखव. घरच्यांनाही. आजोबांना नातीनं कर्जाची गोष्ट चारचौघांत मांडलेली आवडेलच असं नाही. ते काय लिहू देतील ते त्यांनाच विचार.

खानापुरात खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही आहे. तिथल्या जुन्या प्रशिक्षकांपैकी कोणी भेटलं तर नक्की बोल. मातीच्या गुणांबद्दल, भट्टीच्या तापमानाबद्दल तुला तांत्रिक माहिती मिळेल, जी आजोबा अनुभवानं सांगतील पण आकड्यात नाही. दोघांचं शेजारी शेजारी ठेवून बघ. कदाचित आजोबांच्या 'आवा लाल झाला की' याचा नेमका अर्थ तिथं कळेल.

आणि चर्चेच्या जागेत एक प्रश्न टाक. मोडक्या इंग्रजीत का होईना. 'मी कर्नाटकच्या बेळगावी जिल्ह्यातली आहे, हातकौलांवर काम करतेय, तुमच्याकडे हातकौलं करणारं कोणी आहे का?' इतकं पुरे. निपाणीच्या मुलीनं असंच विड्यांबद्दल विचारलं तेव्हा दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यार्थ्यानं तिला त्याच्या गावच्या ओळखपत्रांची गोष्ट सांगितली आणि तिचा शेवटचा परिच्छेद त्या तुलनेवर उभा राहिला.

तुझ्याकडे किती दिवस उरलेत ते तू लिहिलेलं नाहीस. तीन आठवडे असतील तर पहिला आठवडा घरात आणि गावात घालव, दुसरा तक्ते आणि गॅझेटियरवर, तिसरा लिहिण्यावर. उद्या संध्याकाळी आजोबांजवळ बस. त्यांना विचार की कौल घडवताना कोणती अवजारं वापरायचे आणि त्यांना काय म्हणत होते, माती मळणाऱ्याला काय म्हणायचे, बिघडलेल्या कौलाला काय म्हणायचे. वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून ते शब्द जसे उच्चारतील तसेच उतरवून घे. मग मला ते पान पाठव, पुढचं आपण त्यावरूनच ठरवू.